धाकटीची सुई

थोरली सून घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. हात असा बसलेला, की गल्लीतल्या बायका पोरांची मापं न देताच कापड टाकून जायच्या. पण धाकटी जाऊ दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि घरातलं वारंच फिरलं. सासूबाईंचे गुडघे दुखले तरी धाकटी, शेजारणीला चक्कर आली तरी धाकटी. थोरलीनं केलेल्या चहाची कपबशी हातात धरून पाहुणे धाकटीचं कौतुक करायचे. थोरली वरवर हसायची, आत शिवणमशीनच्या पायडलवर पाय जरा जोरात पडायचा.

दवाखान्यात विषमज्वराची लस आली, तेव्हा धाकटीनं घरातल्या सगळ्या पोरांना घेऊन जायचं ठरवलं. नळाची पाइपलाइन गटाराला लागून गेलीय, पाणी उकळून पितोच आहोत, पण लसही टोचून घेऊ, असं तिचं म्हणणं. सासूबाईंनी लगेच मान डोलावली. तेवढंच थोरलीला झोंबलं. तिनं सांगून टाकलं की माझ्या पोरांना कशाची गरज आहे ते मला कळतं. नवरा काही बोलायला गेला, तर त्याच्याकडे असं पाहिलं की तो वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला. धाकटीनं आपल्या मुलाला लस दिली. थोरलीची चिमी आणि बाळ्या राहिले.

पावसाळा सरता सरता चिमीला ताप भरला. उतरेना, रोज चढतच गेला. पोट दुखायचं, डोळे खोल गेले. रक्त तपासलं, विषमज्वर निघाला. शाळेत पोरं बाहेरच्या नळाला तोंड लावायची. धाकटीचा मुलगाही लावायचा. तो मात्र अंगणात हुंदडत होता. त्याला बघितलं की थोरलीच्या काळजात सुरी फिरायची, आणि आपण एका लेकराच्या धडधाकटपणावर जळतोय याची लाजही वाटायची.

धाकटी एका शब्दानं ‘सांगितलं होतं’ म्हणाली नाही. तेही थोरलीला सहन होईना. ओरडली असती तर निदान भांडता आलं असतं. धाकटी कामावरून येऊन चिमीचं अंग पुसायची, औषधं वेळेवर पोटात घालायची. एका संध्याकाळी थोरली मऊ भात घेऊन बसली होती. चिमीनं तोंड फिरवलं.

“काकूला बोलव. काकू भरवते.”

थोरलीनं ताटली खाली ठेवली आणि धाकटीला बोलावलं. स्वतः मागच्या दारी जाऊन धुतलेले टॉवेल पुन्हा धूत बसली.

चिमी बरी झाली. आता बाळ्याला लस टोचायची पाळी. पण धाकटीच्या हातून? छे. थोरलीनं त्याला बसनं गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात नेलं आणि तिथं लस टोचून आणली. तिथल्या बाईंचा हात जड होता. बाळ्यानं घरी येऊन सगळ्यांसमोर तक्रार केली, “काकूनं दिली असती तर दुखलं नसतं.”

सासूबाई पदराआड हसल्या. धाकटीनं दंड पाहिला आणि म्हणाली, “छान दिलीय. चिमीलाही पुढं द्यायची बरं का. एकदा होऊन गेला म्हणजे परत होत नाही असं नाही.”

मग बाळ्याची बाही खाली ओढत म्हणाली, “जाऊबाई, एक विचारू? मी बायकांना लसीचं सांगते, त्या मान डोलावतात आणि येत नाहीत. तुमच्याकडे मात्र कापड टाकायला येतात आणि तासभर बसतात. मला हेवा वाटतो तुमचा. तुम्ही सांगाल का त्यांना?”

थोरलीला पहिल्यांदा वाटलं, थट्टाच करतेय. तोंड निरखून पाहिलं, तर थट्टा नव्हती.

तेव्हापासून गणवेशाला आलेली बाई लसीचं ऐकल्याशिवाय परत गेली नाही. थोरली सुई ओवता ओवता चिमीच्या तापाचं सांगायची. आपण आधी का नेलं नाही, हेही गाळायची नाही; फक्त जावेचं नाव आलं की आवाज थोडा बारीक व्हायचा. पुढच्या खेपेला दवाखान्यासमोर रांग लागली. धाकटी दिवसभर टोचत होती आणि बायका आपसात म्हणत होत्या, आम्हाला शिवणवाल्या बाईंनी पाठवलं.

हे सासूबाईंनी घरी येऊन सांगितलं. थोरली खाली मान घालून बटण लावत राहिली. त्या दिवशी तिनं धाकटीला चहा स्वतःहून नेऊन दिला. परत वळताना मात्र तिच्या पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या कोटाकडे पाहून मनात म्हणालीच, खांद्यात बसला नाहीये नीट. मी शिवला असता तर बसला असता.