वाया जाणारं पाणी

माहेरच्या डाळिंबाच्या बागेत आता ठिबक आहे. काळ्या नळीतून पाणी थेंबाथेंबानं नेमकं मुळाशी उतरतं. आमच्या दुष्काळी गावात बाग जगली ती त्यामुळेच, हे मला कळतं. तरी बांधावर आले की पाय आपोआप जुना पाट शोधतात. पाटातून झिरपून वाया जाणाऱ्या पाण्यावर आईचा झेंडू फुलायचा. आई गेली, पाट बुजला, झेंडूही गेला.

"ताई, आता थेंबसुद्धा वाया जात नाही," भाऊ कौतुकानं सांगत होता.

नळीच्या शेवटच्या टोकाशी मला ओल दिसली. "अरे, इथं गळतंय की!"

"गळू दे," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

मी वाकून पाहिलं. त्या ओलीत झेंडूचं एक रोप होतं, कळ्यांवर आलेलं.