पोलंडच्या शाळेची संथा

काशीत देह ठेवणाऱ्याला पुन्हा जन्म नाही. हे वाक्य गुरुजी उजवा हात छातीशी आडवा धरून म्हणत. हात हळूहळू वर जाई आणि शेवटच्या शब्दाला असा खाली येई, की ऐकणाऱ्यालाही आपला निकाल लागल्यासारखं वाटे. मला त्यांनी ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ते माझ्या संगणकापुढे बसले होते आणि पडद्यावर वॉर्सॉमधल्या एका शाळेचा पोहण्याचा तलाव होता. त्यांचं पुढचं वाक्य होतं, "मॅनेजरसाहेब, हा तलाव पोरींना झेपेल इतकाच खोल आहे ना, जरा बघा बरं."

मी बँकेतून निवृत्त होऊन ब्रह्माघाटाच्या गल्लीत राहायला आलो, तेव्हापासून गुरुजी माझे शेजारी. पहाटे ते मुलांना वेद शिकवत आणि दिवसभर नातीला सांभाळत. वेणू, वय नऊ. आई ती दोन वर्षांची असताना गेली. बाप आधी नोएडाला होता, मग कंपनीनं त्याला पोलंडला पाठवलं. तिची वेणी गुरुजीच घालत. मंत्र म्हणत घालत, त्यामुळे मंत्र लांबला की वेणी फार घट्ट होई आणि वेणू ओरडे, "आजोबा, बस करा ना, डोळे खिंचतात!"

बायको गेल्यावर गुरुजींनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, असं व्रत. व्रतं बरेच लोक घेतात आणि घेतल्याचं त्याहून जास्त सांगतात. गुरुजी मात्र सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला प्रयागलासुद्धा गेले नव्हते.

अशा माणसाच्या मुलाचा फोन आला, की आता घर मिळालं आहे, परवाना झाला आहे, वेणूला घेऊन जातो. तिथल्या सरकारी शाळेत सगळं पोलिश भाषेत, तेव्हा इंग्रजीतली आंतरराष्ट्रीय शाळा बघावी लागेल. फी कंपनी भरेल. त्यानं शाळांची नावं पाठवली आणि लिहिलं, "बाबा, तुम्हीपण बघा, तुम्ही शिक्षक आहात."

मग आम्ही शाळा बघू लागलो. मी वाचायचो, गुरुजी ऐकायचे. या शाळांची भाषा तुम्ही वाचली आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या बँकेच्या वार्षिक अहवालातही एवढं धाडस नसे.

"आम्ही प्रत्येक मुलातून उद्याचा जागतिक नेता घडवतो," मी वाचलं.

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

"मग ऐकायला कोण राहणार?" गुरुजी म्हणाले. "पुढची काढा."

प्रत्येक शाळेबद्दल त्यांचा एक प्रश्न ठरलेला. ग्रंथालय नाही, निकाल नाही. "नदी कुठल्या बाजूला?" काशीत कुठेही उभे राहा, नदी पूर्वेला असते. त्यावरून बाकीचं जग लावून घ्यायची त्यांना सवय होती. मी नकाशा उघडून सांगितलं, की वॉर्सॉचं जुनं शहरही नदीच्या पश्चिम काठावर आहे आणि तिथली नदीही उत्तरेकडे वाहते. गुरुजी नकाशावर वाकले. "म्हणजे सूर्य पाण्यापलीकडूनच उगवेल तिला," ते म्हणाले. आमच्या निवडीत एवढा एकच निकष मला पटण्यासारखा वाटला.

दोन शाळा उरल्या. एक मोठी, तलाववाली. दुसरी लहान, नदीजवळची. दोन्हीकडे मुलीशी संगणकावरून इंग्रजीत बोलून प्रवेश ठरणार होता. वेणू इथल्या इंग्रजी शाळेत जाई. तिथे इंग्रजी लिहीत सगळेच, बोलत कुणीच नसे. गुरुजींनी तयारी अंगावर घेतली. त्यांना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं, पण ही अडचण आहे असं त्यांना वाटलं नाही.

मी प्रश्नोत्तरं लिहून दिली. त्यांनी ती देवनागरीत उतरवली, वेदाच्या पोथीत स्वरांसाठी असतात तशा अक्षरांच्या वर उभ्या आणि खाली आडव्या रेघा मारल्या आणि संथा द्यायला सुरुवात केली. संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं आणि शिष्यानं तेच दोनदा. गुरूचा हात शिष्याच्या डोक्यावर. सूर वर तर डोकं वर, सूर खाली तर डोकं खाली. त्यांच्या घराण्यात मुलींना वेद शिकवत नसत. इंग्रजीबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नव्हतं.

"माय ने-म इज वेणू," गुरुजी म्हणत.

"माय ने-म इज वेणू, माय ने-म इज वेणू."

"परत."

एकदा घाटावरून येणारं एक यात्रेकरू कुटुंब दारात थांबलं, चपला काढून आत डोकावलं, आणि 'माय फेवरेट सब्जेक्ट इज मॅथेमॅटिक्स' पूर्ण होईपर्यंत हात जोडून उभं राहिलं. गुरुजींनी त्यांना तीर्थ दिलं.

मोठ्या शाळेची मुलाखत माझ्या घरी झाली. वेणू संगणकापुढे आणि गुरुजी पडद्यावर दिसणार नाहीत असे बाजूला. पलीकडच्या बाईंनी गोड हसून नाव विचारलं. वेणूनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींचा हात वर गेला, वेणूचं डोकं वर गेलं, आणि तिनं नाव दोनदा सांगितलं. सगळी उत्तरं तशीच झाली. बाई म्हणाल्या, पाठ केलेलं राहू दे बाळ, तुझ्या मनातलं सांग. मनातलं आम्ही पाठ करून घेतलं नव्हतं. वेणू गुरुजींकडे बघत गप्प बसली.

नकार लगेच आला. मुलगी हुशार आहे, पण स्वतः बोलत नाही, असा त्याचा मतलब.

त्या संध्याकाळी गुरुजींनी वेणूला चौकात नेऊन मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, खाऊ घातला, मलाही बोलावलं. ते खुशीत होते. लपवायचा प्रयत्न करत होते, पण मिशीला फेस लागलेला माणूस किती लपवणार? मुलाचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. "बाबा, आता एकच शाळा उरली. तिथे नाही झालं तर हे वर्ष ती तिकडेच राहील."

"हो," गुरुजी म्हणाले, आणि फोन बंद झाल्यावरही तो हातात धरून बसले.

तिला ठेवून घ्यायला काय करायला हवं होतं, ते तुमच्याही लक्षात आलं असेल. काहीच नाही. पुन्हा तसंच बाजूला बसून हात वर केला असता, तर वेणू काशीतच राहिली असती.

दुसऱ्या मुलाखतीला गुरुजींनी तिची वेणी घातली, तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या पायात चपला घातल्या.

"आजोबा, तुम्ही कुठे चाललात?"

"घाटावर."

"मग मी गलत बोलले तर?"

"तर गलत बोल." आणि मला दाराशी म्हणाले, "मी असलो की ती माझ्याकडे बघते. ती सवय इथेच मोडायला हवी. तिकडे कुणाकडे बघणार?"

मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकलं. या शाळेच्या बाईंनी विचारलं, घरी तुला कोण शिकवतं? वेणू थांबली. मग तिच्या मोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं, की आजोबा शिकवतात. त्यांना इंग्रजी येत नाही. कसं म्हणायचं ते आजोबा मला सांगतात, अर्थ मी त्यांना सांगते. बाई हसल्या, वेणूही हसली, आणि त्यानंतर त्या दोघी बराच वेळ माकडांविषयी बोलत होत्या.

मी घाटावर गेलो. गुरुजी पायरीवर, पाण्याकडे तोंड करून.

"झालं," मी म्हणालो. "छान बोलली."

"अडखळली?"

"एकदा."

"कुठे?"

"ग्रँडफादर म्हणताना."

गुरुजींनी मान हलवली. "त्या शब्दाची संथा दिलीच नव्हती," ते म्हणाले.

विमानतळ काशीच्या हद्दीबाहेर आहे. त्यामुळे निरोप गल्लीबाहेर मैदागिनच्या चौकात, टॅक्सीच्या दारात, मागच्या रिक्षांचे भोंगे ऐकत झाला. बाप घ्यायला आला होता. वेणूनं वाकून नमस्कार केला. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीनं तो थोडा वर नेला. तिचं डोकं वर झालं. टॅक्सी गेली. परतताना त्यांनी मला विचारलं, तिथे वेणी घालायला कोण असेल? पुढच्या महिन्यात तिनं केस कापल्याचा फोटो आला. गुरुजी म्हणाले, "बरं झालं. डोळे खिंचत होते."

वर्ष गेलं. मग एकदा वेणूचा फोन आला, तोही माझ्याच घरी. शाळेत दोन-तीन महिन्यांनी आजी-आजोबांचा दिवस होता.

"सगळ्यांचे येणार आहेत. अर्जेंटिनाहूनसुद्धा. टीचर म्हणाली, ज्यांचे नाहीत त्यांना शाळा एक आजी देईल, दिवसभरासाठी."

"चांगली शाळा आहे," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही नाही येऊ शकत, मला माहितीये आजोबा. तुमचं व्रत आहे ना. मी टेन्शन नाही घेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी माझ्या दारात. "मॅनेजरसाहेब, पासपोर्ट काढायला काय काय लागतं?"

"आणि क्षेत्रसंन्यास?"

"मोडला तर प्रायश्चित्त आहे. शास्त्रात सगळ्याला प्रायश्चित्त आहे. त्या पोरीच्या 'मला माहितीये'ला नाही."

पासपोर्ट झाल्यावर व्हिसासाठी मी त्यांना दिल्लीला घेऊन गेलो. आधीचे पंधरा-वीस दिवस वेणू फोनवरून त्यांना संथा देत होती. "परत म्हणा आजोबा," असं तिचं ओरडणं मी भिंतीपलीकडून ऐकत असे. दिल्लीत खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, कशासाठी जायचंय? गुरुजींनी हात छातीशी आडवा धरला. "आय ॲम हर ग्रँडफादर. आय वाँट टू सी हर स्कूल." आणि शिष्याच्या नियमाप्रमाणे पुन्हा, त्याच सुरात, "आय ॲम हर ग्रँडफादर. आय वाँट टू सी हर स्कूल."

"एक बार काफ़ी है, बाबा," ती मुलगी म्हणाली.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी होते. प्रयाग मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "नदी कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे. पण दिसणार नाही."

"असू दे," म्हणाले आणि डोळे मिटले. बनारसला मी त्यांना उठवायला गेलो, तेव्हा ते उठले नाहीत.

गल्लीत यावर बरेच दिवस चर्चा चालली. हद्दीच्या अलीकडे गेले की पलीकडे? एकानं मला त्यांचा श्वास शेवटचा कुठे ऐकू आला, ते स्टेशनवार विचारलं. दुसऱ्याचं म्हणणं होतं, की तिकीट काशीपर्यंतचं होतं, तेव्हा काशीच धरावी. शेवटी स्टेशनवरच्या डॉक्टरांनी मृत्यूचं ठिकाण वाराणसी असं लिहिल्याचं कळलं, आणि मोक्षाचा प्रश्न मिटला.

पुढच्या आठवड्यात कुरियरनं पासपोर्ट आला. व्हिसा मिळाला होता.

वेणूच्या भारतातल्या संपर्कासाठी शाळेला माझा ई-मेल दिलेला होता. त्यावर त्याच सुमारास शाळेचं पत्र आलं. आजोबा समारंभाला येणार असल्यास त्यांची गाडी उभी करायला जागा लागेल का, ते त्यांना हवं होतं. लागणार नाही, असं मी कळवलं.