सकाळची भांडी

आमचे बाबा न्हावी. दुकान घराच्या खालीच. तीस वर्षांत त्यांच्या वस्तऱ्याने कुणाच्या गालावर ओरखडासुद्धा काढला नव्हता, आणि ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. घरात मात्र त्यांनी कधी पाण्याचा पेला विसळल्याचं कुणाला आठवत नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांनी मास्तरांची हनुवटी कापली. हे निवृत्त मास्तर म्हणजे रोजचं सातचं गिऱ्हाईक. "अहो, एवढंसं तर लागलंय, तुरटी फिरवा," ते म्हणाले. पण बाबांनी वस्तरा मिटला आणि खणात टाकला. दुकान सातऐवजी दहाला उघडायला लागलं. फक्त केस, दाढी बंद. मास्तर तीन-चार दिवस विचारायला आले, मग यायचेच थांबले. बाबा त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचे. मला ते बघवत नसे.

घरी त्यांनी अंग आखडल्याचं खापर आधी गादीवर फोडलं, मग उशीवर, मग पंख्यावर आणि शेवटी आईवर, कारण खिडकी तिने उघडी ठेवली होती. खरं काय ते मला दिसत होतं. सकाळी त्यांची मूठ वळत नव्हती. पाठ फळीसारखी ताठ. शर्टाची बटणं आई लावून द्यायची, तेही दार लोटून. दहापर्यंत सगळं सैल झालं की "मला काय धाड भरलीय?" म्हणायला हे मोकळे!

एका पहाटे स्वयंपाकघरात भांडी वाजली. मांजर असेल म्हणून मी झाडू घेऊन गेले, तर बाबा! कोमट पाण्याच्या टबात हात बुडवून, आईने रात्रीच घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासत होते.

"गरम पाण्यात बोटं सुटतात गं," ते ओशाळून म्हणाले. "नुसते हात बुडवून बसायला वेड्यासारखं वाटतं. कुणाला सांगू नकोस."

मला हसूही आलं आणि रडूही. आई दारामागून ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून रात्रीची भांडी सकाळपर्यंत तशीच राहायला लागली.

बोटांची पेरं सुजलेली दिसल्यावर मी आणि आईने बाबांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पेरं दाबून पाहिली, रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "रात्रभर आखडलेलं अंग बहुतेक वेळा थोडं हिंडलं की अर्ध्या तासात सुटतं. तुम्हाला तासावर तास लागतात, वर दोन्ही हातांना सूज. हा सांध्यांचा आजार आहे, वयावर ढकलू नका. वेळेवर आलात, औषध नेमाने घेतलंत तर हात चांगले राहतील."

गोळ्या सुरू झाल्या. उठण्याआधी अंथरुणातच गुडघे पोटाशी घ्यायचे, मुठी मिटायच्या-उघडायच्या. दुकानात सलग उभं राहायचं नाही.

"आणि ते कोमट पाणी?" बाबांनी हळूच विचारलं.

"चालू ठेवा की."

"तेवढं कागदावर लिहून द्या," आई म्हणाली.

तीन महिन्यांनी एका सकाळी बाबांनी सगळी बटणं स्वतः लावली आणि मला मास्तरांकडे पिटाळलं. मास्तरांनी दार उघडलं आणि मी बघतच राहिले. दाढी छातीपर्यंत पोचायची तेवढी बाकी होती.

"दुसरीकडे गेला नाहीत?"

"तीस वर्षं एकाच माणसापुढे मान वर केलीय," ते म्हणाले. "आता कुठे नवीन माणूस शोधू?"

सातच्या ठोक्याला ते खुर्चीत बसले. बाबांनी आधी कात्री चालवली, मग वस्तरा उघडला. वस्तरा गळ्यावरून हनुवटीपर्यंत सरळ वर आला. कुठे लाल टिपूस नाही. बाबांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

"हात अगदी गरम आहे आज," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

दुकानात आणखी चार माणसं बसली होती. बाबांनी वस्तरा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भांडी घासून आलोय."