शिट्टी होईपर्यंत

जेद्दाच्या अल अझीझियात मी मोबाइलच्या दुकानात कामाला होतो आणि शुक्रवारी दुकानामागच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचो. विकेटकीपर कायम मीच. थंडी मला अजिबात सोसत नाही; एसीखाली बसलो तरी नाक गळतं. असा माणूस बर्फावर गोलकीपर झाला, हे आमच्या रत्नागिरीत आजही कुणी खरं मानत नाही.

झालं ते असं. कॅनडाचा एक मास्तर फोनची काच बदलायला आला होता. त्याचा फोन काउंटरवरून घसरला आणि मी तो डाव्या हाताने अलगद झेलला. तो फोन विसरून माझ्या हाताकडेच बघत बसला. मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर त्यांचा आइस हॉकीचा संघ खेळायचा, आणि त्यांचा गोलकीपर नुकताच देश सोडून गेला होता. मला स्केटिंग येत नाही म्हटलं, तर म्हणाला, तुला जायचंय कुठे, गोलपुढे नुसतं उभं राहायचं.

राहिलो. अंगावर गाद्यांसारखे पॅड, एक हात गोलच्या खांबाला. काचेपलीकडे फूडकोर्टात लोक शोरमा खात आमची फजिती बघायचे. सगळे सामने आम्ही हरत होतो, पण मला इतकी मजा यायची की नाक गळायचंही विसरलं.

रियाधविरुद्ध मात्र बरोबरी होती. शेवटी शेवटी त्यांच्या एकाने ती काळी रबरी चकती सणसणीत मारली आणि मी ती हवेत झेलली. काय झेल होता तो! आणि मग झेल घेतल्यावर जन्मभर जे केलं तेच केलं: आनंदाने वर उडवली. क्रिकेटमध्ये झेल घेतला की फलंदाज बाद. इथे पंचाची शिट्टी होईपर्यंत चकती घट्ट धरून ठेवायची असते. ती माझ्या डोक्यावरून मागे गेली आणि आमच्याच जाळ्यात पडली. फूडकोर्टातून टाळ्या आल्या. मी हेल्मेट काढून आपटलं. मास्तर हसून हसून बर्फावर बसला होता. त्याला बघून मलाही हसू फुटलं, पण या संघाला एक तरी सामना जिंकून द्यायचाच, असं मी मनाशी पक्कं केलं.

पुढच्याच आठवड्यात सरकारी हुकूम आला: मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदी माणसं. माझा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, भला होता, पण त्याच्याकडे दुसरं काम नव्हतं. नव्या माणसाला शिकवून मी फायनल एक्झिटवर, म्हणजे देश कायमचा सोडून घरी, जायचं ठरलं. म्हणजे हातात शेवटचा एकच सामना उरला.

दुकानात माझ्या जागी आलेला सौदी तरुण मला आवडायचं काही कारण नव्हतं. काच बसवायचा ती बुडबुड्यांसकट. मी चिडायचो, तो शांतपणे पुन्हा बसवायचा. मग कळलं, कॅनडात शिकताना तो हॉकी खेळायचा, आणि त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता. माझा राग तिथेच संपला. सकाळी मी त्याला काच बसवायला शिकवायचो, संध्याकाळी तो मला स्केटिंग. मास्तरने त्यालाही संघात घेतलं. गिऱ्हाइकांमुळे हिंदी शिकला होता; सरावात मी झेल घेतला की लांबून ओरडायचा, "पकड़ के रखो!" त्याचे बुडबुडे गेले. माझा खांब काही सुटला नाही.

शेवटचा सामना धाहरानशी. तेल कंपनीच्या वसाहतीतली तगडी माणसं, आम्हाला नेहमी धुणारी. दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. दुकानात माझ्या जागी आलेल्या त्या पठ्ठ्याने गोल केला आणि आम्ही चक्क एकने पुढे गेलो. मग सगळं धाहरान माझ्यावर चालून आलं. अखेरचा फटका खांद्याजवळ आला, मी झेलला, आणि हात आपोआप वर निघाला. तो हात मी पोटाशी दाबला आणि त्याच्यावर पालथा पडलो. श्वाससुद्धा घेतला नाही. शिट्टी झाली, पाठोपाठ सामना संपल्याचा भोंगा.

सगळे माझ्या अंगावर येऊन पडले. तरी मी चकती सोडेना. शेवटी त्या पठ्ठ्यानेच मला ओढून उभं केलं, माझा हातमोजा हलवला आणि म्हणाला, "खलास, भाई. अब उछालो."

मी ती छताच्या दिव्यांपर्यंत उडवली. खाली कुठे पडली, बघितलंच नाही. आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होतो, मी रडतही होतो. खांब केव्हाच लांब राहिला होता, आणि मी उभा होतो.