चाकणचा बॉक्स जर्मनीला जातो

लोक विचारतात, तुमच्या स्टार्टअपमध्ये नक्की बनतं काय? मी खरं ते सांगतो. मशीन कधीमधी, किस्से रोज. मशीनला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागतं. किस्से ऐकायला मात्र लोक आपणहून चहा पाजतात, आणि एक संपला की पुढचा काढायला लावतात. त्यामुळे हा माल आमच्याकडे कायम स्टॉकमध्ये असतो.

आम्ही तिघं आणि अण्णा, एवढीच कंपनी. संग्राम हा फाउंडर. दिघीच्या जुन्या शेतकरी घरातला. जमिनीवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, चाकणला एक पत्र्याची शेड उरली, तिथेच आमचं ऑफिस. प्रज्ञा ही थेरगावची. वडील आयुष्यभर कंपनीत लेथवर उभे राहिले, आणि लेक वायरलेसमध्ये डीप लर्निंग कसं वापरायचं ते शिकून आली. कंपनीत जे काही डोकं आहे ते तिचं. मी लातूरकडचा, शिडीवर चढून बॉक्स बसवणारा. आणि अण्णा म्हणजे संग्रामचे वडील. शेड त्यांची, त्यामुळे दारातली खुर्चीही त्यांचीच.

बॉक्सचं काम सोपं आहे. हल्ली मोठ्या कारखान्यांत माल वाहायला ड्रायव्हर नसलेल्या छोट्या गाड्या फिरतात. त्यांना हुकूम जातात वायरलेसवरून. मधूनच क्रेन गेली, प्रेस धडधडली की सिग्नल तुटतो आणि गाडी जागच्या जागी उभी. आमचा बॉक्स महिनोन्‌महिने त्या हवेत कान लावून बसतो, अडथळे कधी येतात ते शिकतो, आणि अडथळा यायच्या आधीच सिग्नलची वाट बदलतो. काम नसेल तेव्हा बॅटरी वाचवायला गाड्यांना झोपवतो.

बॉक्स उत्तम होता. पण इथल्या प्रत्येक कंपनीत एकच प्रश्न, "बाहेर कुठे चालतो का?" बाहेर म्हणजे परदेशात. तिथे चालत नाही, म्हणून इथे नको. इथे नाही, म्हणून तिथे कोण विचारणार?

तेवढ्यात एका कांदा व्यापाऱ्याची नजर आमच्या शेडवर गेली. तो आठवड्यातून एकदा यायचा आणि आमच्या टेबलांमधून चालत लांबी-रुंदी मोजायचा. अण्णांनी संग्रामला स्पष्ट सांगितलं, "दसऱ्यापातुर परदेशातली ऑर्डर आण. न्हाई आली, तर शेडमधी कांदा भरणार." प्रज्ञाला बंगळुरूची एक मोठी कंपनी केव्हाची बोलावत होती. शेड गेली तर मी जाणार, असं तिनेही सांगून टाकलं. ती गेली की बॉक्सही संपला आणि आम्हीही. मला तेव्हा खरंच झोप लागत नव्हती.

* * *

बॉक्सला शिकवायचं तर खरा कारखाना हवा. मागच्या गल्लीत ब्रेकचे पेडल बनवणारं एक प्रेस शॉप होतं, मालक संग्रामचा मित्र. तिथे मी भिंतीवर ओळीने बॉक्स लावले. वर्षभर सगळं शिक्षण तिथेच झालं.

काही दिवसांनी प्रज्ञा हरखून गेली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सिग्नल अचानक सुधारत होता. मशीन बंद असतात म्हणावं तर तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. तिने फळा भरून गणितं मांडली. हे काहीतरी नवीन आहे, यावर पेपर होईल, असं म्हणायला लागली.

शेवटी मी जाऊन बघितलं. आम्ही बॉक्सला जे अँटेना लावले होते, त्या खुंट्या आहेत असं समजून कामगार सकाळी त्यांच्यावर जेवणाच्या पिशव्या टांगत होते. स्टीलचे चार-चार पुडांचे डबे. दुपारी डबे उतरले की सिग्नल मोकळा!

प्रज्ञाने फळा पुसला. पण बॉक्स तोवर इतका तयार झाला होता की कोणत्या शिफ्टला किती डबे आले ते बिनचूक सांगायचा. हे सुपरवायझरच्या कानावर गेलं. तो धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, वायरलेसचं राहू द्या. हे हजेरीला लावा."

प्रज्ञाने समजावलं की हा माणसं मोजत नाही, डबे मोजतो.

"एकच हाय की," तो म्हणाला. "बिनडब्याचा माणूस जेवायला घरी जातो, तो परत कुठं येतो?"

* * *

अण्णांना एकदा वाटलं, आपल्या शेडमध्ये चाललंय काय ते कळायला हवं. त्यांनी प्रज्ञाला समोर बसवून घेतलं. ती म्हणाली, बॉक्स आधी नुसता ऐकतो, चुका करतो, चुकांतून शिकतो, आणि मग न सांगता करतो. अण्णांनी मान हलवली. "म्हंजी नवी सून. आधी नुसती बघती. मग सासूनं तोंड उघडायच्या आत चा पुढं."

प्रज्ञाने कपाळाला हात लावला. संग्राम मात्र उठून उभा राहिला. कारण त्याच आठवड्यात आम्हाला पहिला परदेशी माणूस भेटला होता. क्लाउस, जर्मनीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्याचा मॅनेजर. व्हिडिओ कॉलवर त्याला डीप लर्निंग कसं समजवायचं, याच विवंचनेत संग्राम होता.

प्रज्ञाने हात जोडले, ओरडून झालं, तरी पठ्ठ्याने सुनेची स्लाइड पहिलीच ठेवली. इंग्रजीत, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, सून, सासू, चहा, सगळं सांगितलं. क्लाउस लिहून घेत होता. शेवटी त्याने चष्मा काढून शांतपणे विचारलं, "सासू तुम्ही पाठवणार, की आम्ही आमची वापरायची?"

* * *

आता संग्रामची एक खोड सांगायला हवी. त्याला मोठेपणाची हौस. वेबसाइटवर त्याने लिहून ठेवलं होतं, ऑफिसेस : दिघी, चाकण आणि जर्मनी. दिघीचं ऑफिस म्हणजे त्याच्या घराचा हॉल. जर्मनीचं ऑफिस म्हणजे तिथे शिकायला गेलेल्या मावसभावाची खोली. मी त्याला म्हटलं होतं, राव, हे अंगाशी येईल. तो म्हणाला, भावा, एवढ्या लांबून कोण बघायला येतंय?

लांबून कुणी येणार नव्हतंच. क्लाउस जवळच राहत होता.

एका शनिवारी सकाळी तो सरळ वेबसाइटवरचा पत्ता शोधत गेला. दार उघडलं बनियनवरच्या मावसभावाने. आत एक रूममेट पलंगावर झोपलेला, दुसरा जमिनीवर. मावसभाऊ गडबडला, पण घरचे संस्कार. आलेल्या माणसाला बसा म्हणाला आणि कांदेपोहे टाकले. क्लाउस झोपलेल्याच्या पायाशी बसला, दोनदा पोहे मागून घेतले आणि निघून गेला.

सोमवारी त्याचा मेल आला. संग्रामने तो उघडायला मला लावला, स्वतः शेडबाहेर जाऊन उभा राहिला. क्लाउसने लिहिलं होतं, "तुमचं जर्मनीतलं ऑफिस अपेक्षेपेक्षा लहान आहे. स्टाफ थकलेला वाटला. कँटीन उत्तम. ट्रायलसाठी बॉक्स पाठवा."

* * *

मग बॉक्स पाठवायचे ठरले. प्रज्ञाने आठवडाभर बसून कागदपत्रं केली. वायरलेसचं उपकरण दुसऱ्या देशात न्यायचं म्हणजे कोणत्या लहरी वापरता, किती ताकदीच्या, बॅटरी कसली, हजार प्रश्न. तिने एकही जागा कोरी सोडली नाही. जर्मनीच्या कस्टमवाल्यांनी त्यावर एकही शंका काढली नाही.

शंका काढली ती वेगळ्याच गोष्टीवर. पॅकिंगच्या दिवशी अण्णांनी आमची पाठ वळल्यावर एकेका बॉक्सच्या आत लिंबू-मिरची टाकली होती. परक्या मुलखात चालले, नजर लागू नये म्हणून! भाजीपाला देशात आणायला वेगळी परवानगी लागते, ती कुठे आहे, अशी तिकडून विचारणा आली. माल अडकला. दसरा जवळ येत होता, आणि कांदा व्यापारी आता कांद्याला वारा द्यायचे पंखे बसवणारा माणूस सोबत घेऊन मोजायला यायला लागला होता.

बऱ्याच विनवण्यांनंतर लिंबं जप्त झाली आणि बॉक्स सुटले. डीप लर्निंगला त्यांची हरकत नव्हती, लिंबाला होती. अण्णांना हे सांगितलं तर ते उलट खूश. "बघ, नजर लिंबावर गेली. मशीन वाचलं."

* * *

ट्रायलला प्रज्ञा आणि मी गेलो. संग्राम शेड सांभाळायला मागे राहिला, म्हणजे खरं तर व्यापाऱ्याला बाहेर थोपवायला. मी बॉक्स लावले, प्रज्ञाने चालू केले, आणि गाड्या अशा पळायला लागल्या की क्लाउस हातातली कॉफी विसरला. क्रेन गेली, प्रेस पडली, एकही गाडी थांबली नाही. सोमवार ते बुधवार, सगळं झकास.

गुरुवारी सकाळी गाड्यांचे दिवे मंद झाले. एक-एक करून त्या भिंतीकडे गेल्या आणि झोपल्या.

प्रज्ञाचा चेहरा उतरला. आम्ही सगळं तपासलं. केबल, बॅटरी, सेटिंग, काही सापडेना. क्लाउस थांबलेल्या गाड्या मोजून वहीत लिहीत होता. शुक्रवारी गाड्या आपोआप पळायला लागल्या. रविवारी कारखाना बंद असतो, तर त्या दिवशी वॉचमनचा घाबरून फोन, की आत अंधारात सगळ्या गाड्या दिवे लावून कामाची वाट बघत उभ्या आहेत. त्याने रविवारची ड्यूटीच नको म्हणून सांगितलं.

पुढच्या गुरुवारी परत तेच. गाड्या भिंतीला. त्या दुपारी कँटीनमध्ये प्रज्ञा बटाटे नुसते टोचत बसली होती. बाबांना काय सांगू, म्हणाली. मी संग्रामला फोन लावला. म्हटलं, जरा शेडवर जाऊन जुने रीडिंग बघून सांग. तो म्हणाला, "भावा, आज कसा जाऊ? गुरुवार आहे, सगळं बंद."

मी हे प्रज्ञाला सांगितलं. तिने काटा खाली ठेवला.

आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. वीज वाटून देतात, म्हणून पूर्वीपासून तसंच. बॉक्सने वर्षभर तेच पाहिलं होतं, गुरुवारी शुकशुकाट, रविवारी धडधड. ते तो इमानदारीने शिकला होता आणि जर्मनीत पाळत होता.

प्रज्ञा हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. पण ती सरळ क्लाउसकडे गेली आणि लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. त्याने विचारलं, वर्षभर हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही? ती म्हणाली, "गुरुवारी आम्हीही घरी असतो."

तिने दुरुस्ती केली. तिसऱ्या गुरुवारी गाड्या दिवसभर पळाल्या. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, तोच क्लाउसने ऑफिसात बोलावलं. शेजारी कामगार युनियनच्या बाई बसल्या होत्या, आणि दोघांचेही चेहरे पडलेले.

क्लाउस म्हणाला, मागच्या दोन गुरुवारी गाड्या बंद, म्हणून लोकांनी मशीनला तेलपाणी केलं, कित्येक महिने राहिलेली साफसफाई केली, एकमेकांशी चार शब्द बोलले. आज परत सगळे पळतायत. युनियनचं म्हणणं, आधीचा बॉक्स चांगला होता. त्याचंही तेच म्हणणं होतं. ऑर्डर द्यायला तो तयार होता, पण आधीच्या बॉक्सची.

"पण ती चूक होती," प्रज्ञा म्हणाली.

"चूक तुमची होती," क्लाउस म्हणाला. "आता ती आमची मागणी आहे."

स्वतः सुधारलेली चूक तिने स्वतःच्या हाताने परत घातली. रविवारचं तेवढं दुरुस्त राहू दिलं, वॉचमनसाठी. तिला इतकं चिडलेलं आणि इतकं आनंदलेलं मी एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं. बंगळुरूला तिने तिथूनच नाही कळवलं. दसऱ्याच्या आत ऑर्डर आली, आणि अण्णांनी व्यापाऱ्याला दुसरी शेड बघायला सांगितलं.

आम्ही परतलो तर संग्रामने नवा नियम काढलेला. आता आपण इंटरनॅशनल कंपनी आहोत. परदेशी गिऱ्हाईक कामाच्या कुठल्याही दिवशी फोन करू शकतं. म्हणून आपली गुरुवारची सुट्टी आजपासून रद्द.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं शेडमध्ये हजर. गल्ली बंद, चहाची टपरी बंद, वीज गेलेली, लॅपटॉप इन्व्हर्टरवर. संग्रामने शर्ट खोचला आणि रुबाबात क्लाउसला फोन लावला. कुणी उचलला नाही. परत लावला, तरी नाही. मग मेल पाठवला, तर पाठवल्या-पाठवल्या उत्तर आलं. प्रज्ञाने ते मोठ्याने वाचलं.

"आज गुरुवार. आमची साप्ताहिक सुट्टी आहे. कृपया उद्या संपर्क साधा."