शिमग्याच्या सोंगाची माफी

मंडळी, आज आमच्या गावात शिमग्याच्या सोंगाबद्दल माफी मागितली गेली. असं आजवर कधी ऐकलं नव्हतं.

पोलादपूरजवळचं गाव आमचं. शिमग्यात इथे कोणाचीही नक्कल करायची मुभा असते. ज्याची टर उडवली, त्याने सोंगवाल्याला नारळ द्यायचा, विषय संपला.

सकाळी शेजारच्या तुकाकाकांनी सरपंचांचं सोंग घेतलं. कोरड्या नळाला हार घातला, फीत कापली आणि खाली घागर ठेवून भाषण ठोकलं. सगळे पोट धरून हसले. सरपंचही हसले, नारळ दिला.

मग त्याचा व्हिडिओ गावच्या मुंबईकरांच्या ग्रुपवर गेला. 'गावाची बदनामी' म्हणून फोनावर फोन आले. दुपारी सरपंचांनी नारळ परत मागवला.

काकांनी देवळासमोर हात जोडून माफी मागितली. मागे एकजण मोठ्याने हसला. त्याला वाटलं, हेही सोंगच.

घरी जाताना काका मला म्हणाले, "फुडच्या शिमग्याला कोनाचा सोंग घेऊ रे? राग येनार नाय असा कोन हाय आता?"

मी गावातलं घर न् घर आठवून पाहिलं. एकही नाव सुचलं नाही. तुमच्याकडे उरलंय का कोणी?