काकांनी दिलेला शब्द

माझ्या काकांएवढा बोलका माणूस बीबी गावच्या बैलबाजारात दुसरा नव्हता. बैल विकायला उभे राहिले, की त्याची सात पिढ्यांची वंशावळ अशी रंगवायचे, की गिऱ्हाईक दावं हातात घेण्याआधी बैलाच्या पाया पडेल. असा हा माणूस एका दुपारी सुलतानपूरला मुलीसाठी स्थळ बघून आला, ओट्यावर टेकला, पाणी मागायला तोंड उघडलं आणि उजवीकडे कलंडला. तिकडं काय पाहिलं ते सांगायचं राहूनच गेलं.

उजवा हात गेला, पाय गेला, बोलणंही गेलं. आमच्याकडे मूल बोलेना झालं, की वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावतात. काकूंनी तेच नवऱ्यावर सुरू केलं. मी तेव्हा गावच्या नाटकात राक्षस व्हायचो, म्हणून उच्चार शिकवायचं खातं माझ्याकडे आलं. मी समोर बसून आ वासायचो आणि काका माझ्याकडे खोडकर वासराकडे बघावं तसं बघायचे.

एक दिवस ते म्हणाले, "हाव."

काकूंनी त्या एका होकारावर गूळ वाटला. पण पुढचा शब्द काही येईना.

"दुखते का?"

"हाव."

"म्हंजे दुखत नाही?"

"हाव."

शेजारचा म्हातारा म्हणाला, "आता याले काही बी मागा बे. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हननार नाही." आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले, अर्ध्या तोंडाने.

मग सुलतानपूरची मंडळी आली. बापाने चार माणसांत तोंडाने होकार दिला, की आमच्याकडे सुपारी फुटते आणि तो शब्द मग कुणी मोडत नाही. मध्यस्थाने काकांच्या डाव्या हातात सुपारी ठेवली.

"बापू, पोरगी दिली ना?"

"हाव," काका म्हणाले. डोळ्यांतून धार लागली. "हाव, हाव." आणि मूठ अशी आवळली, की सुपारी निघेना.

"बापाची माया हाय, रडनारच," मध्यस्थ म्हणाला. "अन् वारं गेलेला हात असाच अकडते." दोघांनी मिळून एकेक बोट उचकटलं. वारं गेलं होतं ते उजव्या अंगावरून. डाव्या हाताला काहीच झालेलं नव्हतं. हे तिथल्या एकालाही सुचलं नाही.

लग्नानंतर मेहकरच्या डॉक्टरने काकांना तपासलं. जीभ ठणठणीत आहे, म्हणाला. बोलणं जुळतं ते बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात. उजवं अंगही तोच भाग चालवतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला. "यांना समजतं बरंचसं. पण हवा तो शब्द सापडत नाही. एकच हाताशी येतो, तोच बाहेर पडतो."

"मंग वेखंड?" काकूंनी विचारलं.

"खोकल्याला चांगलं."

दिवाळीला चुलतबहीण माहेरी आली ती परत गेलीच नाही. त्या घरात नवऱ्याची पहिली बायको जिवंत होती. डोक्यावर परिणाम झालेला, म्हणून तिला मागच्या खोलीत कडी लावून ठेवायचे. काकांनी तिथं बहुधा तिलाच पाहिलं होतं.

बहिणीने बापाला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. भाकरीही विचारून वाढायची नाही. तुकडा ताटात ठेवायची आणि थांबायची. काका डाव्या हाताने तो जवळ ओढायचे किंवा परत लोटायचे. लोटला, की ती उचलून घ्यायची.